आधी त्या टेबलावर जा

आमचे बाबा विद्यापीठात लोकप्रशासन शिकवतात. म्हणजे सरकारी कचेऱ्यांतली कामं कशी चालायला हवीत ते शिकवतात. ती तशी का चालत नाहीत हे शिकवणारा वेगळा विषय असायला हवा, पण त्याला अजून मंजुरी मिळालेली नाही.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं ते या विषयातल्या विद्वानांच्या हातून घडलं. साध्यासुध्या माणसांना ते जमलंच नसतं.

सुरुवात झाली विद्यापीठाच्या एका पत्राने. पत्रात दोन गोष्टी होत्या. पहिली, विभागाचा अभ्यासक्रम जुनापुराणा झाला आहे, तरी नवीन तयार करावा. दुसरी, नवीन अभ्यासक्रमात ज्या शिक्षकाचा विषय सर्वांत कमी वजनाचा ठरेल त्याला उपकेंद्रावर पाठवण्यात येईल. वजन म्हणजे काय आणि ते कोण मोजणार, हे लिहिलेलं नव्हतं. बाबा म्हणाले, उत्तम प्रशासकीय पत्र असंच असतं, वाचणाऱ्याला झोप लागू नये.

उपकेंद्र म्हणजे गावाबाहेरच्या गावाबाहेर बांधलेली एक नवी कोरी इमारत. तिथे बाकं आहेत, फळे आहेत, पाण्याची टाकी आहे. विद्यार्थी यायचे आहेत. बाबांना तिकडे पाठवलं असतं तर आम्हाला सगळ्यांनाच जावं लागलं असतं, आणि माझी शाळा सुटली असती. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, दुसरी शाळा मिळेल. मिळेल हो! पण नववीपर्यंत मी वर्गात हजेरीला 'उपस्थित' म्हणायचे ते शेजारणीलाही ऐकू यायचं नाही. यंदा कुठे मला कंठ फुटला होता. वादविवादाच्या संघाची मी प्रमुख झाले होते, आणि आंतरशालेय स्पर्धा तोंडावर आली होती. नव्या शाळेत जाऊन पुन्हा शेवटच्या बाकावर मुकी बसायची माझी तयारी नव्हती. त्यामुळे बाबांच्या विषयाचं वजन हा माझाही प्रश्न झाला, आणि मी त्यात लक्ष घातलं. कोणी सांगितलं नव्हतं. चांगली कामं सांगून होत नाहीत.

अभ्यासक्रम करणारी समिती चौघांची. विभागप्रमुख मॅडम, यांचा विषय धोरण विश्लेषण. संख्याशास्त्र शिकवणारे एक सर, त्यांना मी आकडेसर म्हणते. प्रशासकीय नीतिमत्ता शिकवणारे दुसरे, ते नीतीसर. आणि चौथे आमचे बाबा, विषय तक्रार निवारण. चौघं इतकी वर्षं एकत्र चहा पीत होते. पत्र आल्याच्या दिवसापासून प्रत्येक जण स्वतःचा कप स्वतः विसळायला लागला.

बैठक विभागातच व्हायला हवी होती, पण बैठकीच्या खोलीला कुलूप. किल्ली इमारत विभागाकडे. इमारत विभाग म्हणाला, बैठक घ्यायची असं ज्या बैठकीत ठरलं त्या बैठकीचं इतिवृत्त आणा. ती बैठक कुठे झाली होती? जिन्यात. जिन्यातल्या बैठकीला इतिवृत्त नसतं. शेवटी आमचं घर विद्यापीठाला सर्वांत जवळ, म्हणून बैठका आमच्या बाहेरच्या खोलीत भरायला लागल्या.

"आपलंच घर बरं सापडलं," आई म्हणाली. "यात काहीतरी आहे. मॅडमनी सुचवलं की तुम्ही?"

"मॅडमनी."

"मग नक्कीच काहीतरी आहे."

आईचा विद्यापीठाशी काही संबंध नाही, ती एका दवाखान्यात औषधांचा साठा सांभाळते. पण संशयाच्या बाबतीत तिला पदवी आहे.

पहिली बैठक मी आतल्या दाराच्या फटीतून बघितली. तुम्ही म्हणाल, चोरून बघणं वाईट. मी निरीक्षण करत होते. मॅडमनी आपल्या कागदांवर पर्स ठेवली होती आणि पर्सवर कोपर. आकडेसर घड्याळ काढून कोण किती वेळ बोलतंय ते टिपत होते. नीतीसर हात धुवायला गेले तेव्हा आपले कागद बरोबर घेऊन गेले आणि ओले करून आणले. आमच्या बाबांनी तर कागद आणलेच नव्हते. ते त्यांनी आईच्या शिलाई मशीनच्या खणात लपवले होते आणि चेहऱ्यावर असा भाव आणला होता की, मला कशाचंच काही नाही. हा भाव बाबांना अजिबात जमत नाही. त्यांना बघून कोणालाही वाटलं असतं की यांनी घरात काहीतरी दडवलंय.

त्या बैठकीत एवढंच ठरलं की पुढची बैठक घ्यायची.

आता आमच्या इमारतीतल्या हेडक्लार्ककाकांबद्दल सांगायला हवं. ते आमच्या समोरच राहतात. कुठल्याशा मोठ्या कचेरीतून निवृत्त झालेत, पण सल्ल्यांतून निवृत्त झालेले नाहीत. जिन्याच्या वळणावर त्यांची एक कुंडी आहे. तिच्यात काय लावलंय ते कोणालाच माहीत नाही, पण आमच्याकडे कोणी आलं की त्या कुंडीला तहान लागते.

पाहुणे गेल्यावर काका झारी घेऊनच आत आले.

"काय प्रोफेसर, विषय हलका ठरतोय म्हणे?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?" बाबा दचकले.

"भिंती पातळ आहेत हो. आणि तुमचा आवाज खर्जातला. ते असू दे. मला एक सांगा, कचेरीत वजनदार टेबल कुठलं?"

"ज्याच्याकडे अधिकार जास्त ते," बाबांनी परीक्षेतलं उत्तर दिलं.

"चूक! ज्याच्याकडे थेट जाता येत नाही ते. दारातच एक जण बसलेला असतो बघा. त्याला येणारा प्रत्येक माणूस काय विचारतो? 'अहो, पाणी कुठे प्यायचं?' त्याला काडीची किंमत नाही. आणि आतल्या कोपऱ्यातलं टेबल? तिथे माणूस पोचतो तेव्हा चार टेबलं हिंडून त्याची हवा गेलेली असते. तो येतो तोच कमरेत वाकून. मी आख्खी नोकरी एका वाक्यावर काढली. 'आधी त्या टेबलावर जाऊन या.' बस्स!"

बाबांनी मान हलवली. तोंडाने ते म्हणाले, "ही प्रवृत्ती घातक आहे, मी वर्गात हिच्याविरुद्धच शिकवतो," आणि काका गेल्याबरोबर शिलाई मशीनचा खण उघडून बसले.

त्यांच्या आराखड्यात एक नवी ओळ आली. 'तक्रार निवारण' हा विषय घेण्यापूर्वी विद्यार्थ्याने 'प्रशासकीय नीतिमत्ता' उत्तीर्ण केलेली असावी. कारण? लोकांची तक्रार ऐकण्याआधी ऐकणाऱ्याचं मन शुद्ध हवं.

मला तर वाचून भरूनच आलं. किती खरं! शिवाय आता बाबांच्या विषयाकडे कोणी ऐरागैरा थेट येऊ शकणार नव्हता. आधी नीतीसरांच्या टेबलावर जा, मग आमच्याकडे ये, तेही वाकून.

"नीतीसर भांडतील का हो?" आईने विचारलं.

"भांडू देत. मी मुद्दे काढून ठेवलेत."

मुद्दे मीच काढून दिले होते. वादविवादात आम्ही करतो तसे, त्यांनी असं म्हटलं तर आपण तसं म्हणायचं. बाबांची मी तालीमही घेतली. मीच नीतीसर झाले, मीच मॅडम झाले, आकडेसर होऊन घड्याळही लावलं.

आणि दुसरी बैठक भरली. बाबांनी घसा साफ करून ती ओळ वाचली, आणि बाह्या सरसावून हल्ल्याची वाट बघत बसले.

"वा!" नीतीसर म्हणाले. "सुंदर."

"सुंदर?" बाबा गडबडले. "म्हणजे तुमचा विरोध नाही?"

"विरोध कसला? माझ्या विषयाचा मानच केलात तुम्ही. आता माझंही एक छोटंसं... नीतिमत्ता घेण्याआधी विद्यार्थ्याला संख्याशास्त्र आलेलं असावं. खरंखोटं ओळखायचं तर आधी मोजता आलं पाहिजे."

"अगदी बरोबर," आकडेसर म्हणाले. "आणि संख्याशास्त्राआधी धोरण विश्लेषण. काय मोजायचं हे कळल्याशिवाय माणसाने मोजायला बसू नये."

"किती समंजस आहात सगळे!" मॅडमनी चक्क पर्स बाजूला ठेवली. "मग मीही म्हणते, धोरण विश्लेषण घेण्याआधी तक्रार निवारण झालेलं हवं. लोकांचं दुखणं कळल्याशिवाय धोरण कसलं आखायचं?"

चौघांनी एकमेकांकडे बघून स्मित केलं. कप आईने विसळले. स्वयंपाकघरातून येऊन आई माझ्या कानात म्हणाली, "आज भांडण नाही, काही नाही. मला हे लक्षण ठीक दिसत नाही."

बाबांनाही ते ठीक दिसलं नाही. पाहुणे गेल्यावर ते खोलीत येरझाऱ्या घालायला लागले. "सगळ्यांना एकच युक्ती कशी सुचली? माझीच! माझे कागद कोणी बघितले?"

मग घरात चौकशी सुरू झाली. आईला विचारलं, मशीन कोणी उघडलं होतं. आई म्हणाली, "मी. तुमच्याच पायजम्याचा नाडा ओवायला." मला विचारलं, तू शाळेत कोणाला बोललीस. मी संघातल्या माझ्या जोडीदारणीला बोलले होते, पण तिला धोरण म्हणजे काय हेच माहीत नाही, म्हणून मी तिला धरलं नाही. बाबांनी खिडकी बंद केली, दिव्याची काच काढून आत डोकावून बघितलं, आणि शेवटी मॅडमनी आमच्याकडे विसरलेल्या छत्रीकडे बराच वेळ बघत बसले.

अभ्यास मंडळाने अभ्यासक्रम एकमताने मंजूर केला. वर शेराही मारला, विषयांची एकमेकांत इतकी सुरेख गुंफण या विद्यापीठात पूर्वी झालेली नाही. बाबांनी तो शेरा आम्हाला वाचून दाखवला आणि म्हणाले, "गुंफण! हा शब्द त्यांनी उगाच वापरलेला नाही. मला खूण करून सांगतायत."

"काय सांगतायत?"

"तेच तर कळत नाहीये."

प्रवेश सुरू झाले त्या दिवशी बाबा चष्मा घरी विसरून गेले. शाळेला सुट्टी होती, म्हणून मी तो द्यायला विद्यापीठात गेले. विभागाचा बोळ लांबच लांब आहे, चौघांच्या खोल्या ओळीने. आणि बाबांच्या खोलीबाहेर मला ती दिसली.

चौकडीचा शर्ट, पाठीला मोठी पिशवी. बाबांच्या दाराच्या काचेतून आत डोकावत होती. मग तिने मागेपुढे बघितलं आणि झपाझप नीतीसरांच्या खोलीत शिरली. बाहेर आली ती आकडेसरांकडे. तिथून मॅडमकडे. आणि फिरून पुन्हा बाबांच्या दाराशी!

आता मी काय समजायचं? हेर. चौघांच्या बातम्या चौघांना पोचवणारी. आमची युक्ती फुटली कशी, त्याचं उत्तर चौकडीचा शर्ट घालून माझ्यासमोर उभं होतं. नळाशेजारच्या खांबाआड राहून मी तिचा आणखी एक फेरा बघितला, खात्री करून घेतली, आणि वादविवादाला उभी राहते तशी तिच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

"कोणी पाठवलं तुला?"

"सगळ्यांनी!" ती म्हणाली आणि खाली पिशवीवरच बसली.

कबुली इतक्या लवकर येईल असं मला वाटलं नव्हतं. "सगळ्यांनी म्हणजे? नावं सांग!"

"नावं कोणाला माहितीयेत? प्रवेशाच्या खिडकीवरचे म्हणाले, संगणक तुझी नोंदणी घेत नाही, आधी शिक्षकांना विचार. हे सर म्हणाले, माझा विषय घ्यायला आधी नीतिमत्ता कर. नीतिमत्तावाले म्हणाले, आधी संख्याशास्त्र. तिकडे गेले तर आधी धोरण. धोरणवाल्या मॅडम फार गोड बोलल्या, म्हणाल्या, बाळ, आधी तक्रार निवारण कर. म्हणजे परत हे सर! तू कोण? तुझ्याकडे कुठला विषय आहे?"

मी म्हटलं, "माझ्याकडे चष्मा आहे." आणि मग माझ्या डोक्यात लख्खकन प्रकाश पडला.

मी तिला हाताला धरून आत नेलं. बाबा खूश झाले. चष्मा डोळ्यांवर चढवत तिला म्हणाले, "पुन्हा आलात? तुम्हाला सांगितलं ना, आधी नीतिमत्ता."

"सर, तिथूनच फिरून आले."

"मग झाली का?"

"सर, ती करायला संख्याशास्त्र लागतं. त्याला धोरण लागतं. आणि धोरणाला तुम्ही लागता."

बाबा हसले. मग हसायचे थांबले. चौकडीवालीने फळ्यावरचा खडू उचलला, चार विषय लिहिले आणि एकातून दुसऱ्यात बाण काढत गेली. शेवटचा बाण पहिल्या विषयाला येऊन टेकला तेव्हा बाबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. बाण तिथेच होता.

खिडकीबाहेर, विभागाच्या पायऱ्यांवर, पिशव्या आणि वळकट्या घेऊन विद्यार्थी बसले होते. नव्या अभ्यासक्रमात एकाचाही प्रवेश होत नव्हता. होणारच नव्हता, कारण त्या इमारतीला आम्ही चार दारं केली होती आणि प्रत्येक दाराची किल्ली पुढच्या दाराच्या आत ठेवली होती.

"माझं घर लांब आहे, सर," चौकडीवाली म्हणाली. "नोकरी सोडून आलेय. प्रवेश झाल्याशिवाय वसतिगृहात खोली देत नाहीत. तक्रार करायची तर कुठे करू?"

तक्रार निवारणाच्या प्राध्यापकांनी डस्टर उचलला आणि फळा पुसायला घेतला.

घरी येताना मला जिन्यात हेडक्लार्ककाका सापडले. मी सरळच विचारलं, "काका, टेबलाची ती युक्ती तुम्ही आणखी कोणाला सांगितलीत?"

"सगळ्यांनाच," काका कुंडीत पाणी ओतत म्हणाले. "खाली उतरताना एकेकाने विचारलं. मॅडमनी तर दोनदा विचारलं. सल्ला म्हणजे काय कोणा एकाची मालमत्ता आहे?"

तर मॅडमची छत्री निर्दोष होती.

तिसरी बैठक तातडीची. मंडळाच्या अध्यक्षांनी सवलत दिली होती. ज्याला आपल्या विषयाची अट काढायची असेल त्याने उद्यापर्यंत सही करून द्यावी, त्यानंतर वर्षभर अभ्यासक्रमाला कोणालाही हात लावता येणार नाही. एकाने जरी अट काढली असती तरी साखळी सुटत होती. पण जो काढेल त्याचा विषय म्हणजे दारातलं टेबल. कोणीही यावं, कोणीही घ्यावं, पाणी कुठे प्यायचं ते विचारावं. आणि उपकेंद्राची गाडी त्याच टेबलापाशी येऊन थांबणार, हे चौघांनाही न सांगता कळलं होतं.

"मला वाटतं," आकडेसर म्हणाले, "हा त्यागाचा प्रसंग आहे. आणि त्याग हा नीतीसरांच्या पुस्तकातला पाचवा धडा आहे."

"तो मी शिकवतो," नीतीसर म्हणाले. "शिकवणं वेगळं. पोहणं शिकवणारा काठावरच उभा असतो."

"मॅडम, तुम्ही विभागप्रमुख," बाबा म्हणाले.

"म्हणूनच. प्रमुखाचा विषय हलका झाला तर विभाग हलका होईल. मला माझं काही नाही हो, मी विभागाचं बघतेय."

असं बराच वेळ चाललं. माझ्याने राहवेना. मी दार ढकलून बाहेर आले आणि ठणकावून म्हणाले, "चौघांनी एकदम काढा! म्हणजे कोणीच एकटं हलकं होणार नाही. मी तीन आकडे म्हणते, तीन म्हटलं की सगळ्यांनी सही करायची."

सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. मॅडम म्हणाल्या, "हुशार आहे हो मुलगी." चार पेनं उघडली. चार पेनं कागदावर टेकली. मी म्हटलं, "एक... दोन... तीन!"

एकही पेन हललं नाही. चौघंही शेजारच्याच्या पेनाकडे बघत होते.

"तीन झाले," मी म्हटलं.

"तीनवर करायची की तीन झाल्यानंतर?" आकडेसरांनी विचारलं. "पद्धत आधी स्पष्ट व्हायला हवी."

"पुन्हा मोज बाळ," नीतीसर म्हणाले. "या वेळी मी नक्की करतो."

"नक्की करतो म्हणणारा माणूस..." मॅडम छताकडे बघत म्हणाल्या.

तेवढ्यात बाबा खिडकीपाशी गेले. आमच्या खिडकीतून विभागाच्या पायऱ्यांचा एक कोपरा दिसतो. संध्याकाळ झाली होती तरी पिशव्या तिथेच होत्या. बाबा परत आले, खुर्चीवर बसले आणि कागद पुढे ओढला.

मला कळलं ते काय करणार. मला ओरडायचं होतं, बाबा, नको! उपकेंद्र! माझी शाळा, माझा संघ, माझी स्पर्धा! मुद्दे सगळे तयार होते. पण माझा तो नवा कोरा आवाज, ज्याचा मला इतका तोरा होता, तो नेमका तेव्हाच गायब झाला. की मीच तो आत धरून ठेवला? चौकडीवाली पिशवीवर बसलेली मला दिसत होती, खिडकीपाशी न जाताही.

बाबांनी सही केली.

मग तिन्ही पेनांची टोपणं टक टक टक अशी लागली, आणि सगळे इतके मोकळे झाले की विचारू नका. आकडेसरांनी बाबांची पाठ थोपटली. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं, खरं की काय ते मी नीट बघितलं, खरंच होतं. नीतीसर म्हणाले, "हे उदाहरण मी वर्गात देणार. नाव घेऊन देणार!"

"वर्ग कुठे भरवणार ते आधी बघा," आई आतून म्हणाली. ती तेव्हा रागाने म्हणाली होती, तिलाही पुढचं माहीत नव्हतं.

मग आमच्या घरी दुःखाचे दिवस आले. आई दवाखान्यातून औषधांची रिकामी खोकी आणायला लागली. हेडक्लार्ककाकांनी सामान कसं बांधावं यावर सल्ले दिले, आणि उपकेंद्रात गेल्यावर बाबांनी पहिल्याच दिवशी कुठल्या कोपऱ्यात बसावं तेही सांगितलं. मी संघातल्या जोडीदारणीला सांगितलं, आता तूच प्रमुख. ती रडली. मग लगेच भाषण कुठे ठेवलंयस म्हणून विचारलं, त्याचा मला जरा संशय आला, पण ते जाऊ दे.

आणि वर्ग सुरू झाले. म्हणजे वर्ग सुरू झाला. एकच!

कोणाच्याही लक्षात न आलेली गोष्ट ही होती की, आता प्रवेश घेता येईल असा विषय एकच उरला होता. मॅडमचा विषय घ्यायला बाबांचा पास व्हायला हवा. आकडेसरांचा घ्यायला मॅडमचा. नीतीसरांचा घ्यायला आकडेसरांचा. पायऱ्यांवरचा सगळा लोंढा उठला आणि एकट्या बाबांच्या वर्गात येऊन बसला. बाकं भरली, मग खिडक्यांचे कट्टे भरले, मग फळ्याखालची पायरी. चौकडीवाली पहिल्या बाकावर. बाबांना घरी आल्यावर बोलता येईना, इतका त्यांचा घसा बसला. सकाळी तोच विषय, दुपारी तोच विषय, दुसऱ्या तुकडीला पुन्हा तोच विषय.

बाकी तिघं आपापल्या खोलीत दार सताड उघडं टाकून बसले होते. कोणीतरी चुकून वळेल म्हणून. मी परवा पुन्हा चष्मा द्यायला गेले तर तिघांनीही मला आत बोलावलं आणि खुर्ची दिली.

अशा वेळी विद्यापीठाचं पत्र आलं. उपकेंद्रासाठी ज्याला मोकळं करता येईल अशा शिक्षकाचं नाव कळवावं. मोकळं करता न येणारा शिक्षक विभागात एकच होता.

तिघंही त्याच संध्याकाळी आमच्याकडे आले. बैठक नव्हती. कोणी बसलंच नाही.

"तुम्ही हे आधीच ओळखलं होतंत," मॅडम म्हणाल्या.

"नाही हो," बाबा बसक्या आवाजात म्हणाले.

"खिडकीपाशी उगाच गेला होतात?" आकडेसर म्हणाले. "तिथे उभं राहून तुम्ही डोकी मोजलीत. मी बघत होतो. तुमचे ओठ हलत होते."

"आणि मी तुमचं उदाहरण त्यागाला देणार होतो!" नीतीसरांचा आवाज कापत होता. "ते आता मला दुसऱ्या धड्यात घालावं लागेल. कपटाच्या."

"अहो, पण मला खरंच सुचलं नव्हतं," बाबा कळवळून म्हणाले.

"इतका साधा हिशोब? इतकी वर्षं लोकप्रशासन शिकवणाऱ्या माणसाला?" मॅडम म्हणाल्या, आणि बाबा पुरते अडकले. हो म्हणावं तर लबाड, नाही म्हणावं तर बावळट. बाबांच्या चेहऱ्यावर एवढा गोंधळ मी फळ्यावरच्या बाणाच्या वेळीही बघितला नव्हता.

तिघं गेले. जिन्यात ते एकमेकांना म्हणत होते, आधी तुम्ही उतरा, नाही, आधी तुम्ही. तिघांपैकी कोणाचं नाव जाणार ते अजून ठरलेलं नाही, आणि पुढे व्हायला कोणीच तयार नव्हतं.

आईने खोकी परत नेण्यासाठी एकात एक घातली, आणि मी उद्या जोडीदारणीकडून प्रमुखपद परत घ्यायचं ठरवलं. मग बाबांसमोर गरम पाण्याचा पेला ठेवला आणि समोर बसली. "आता ते गेले. आता खरं सांगा. ठरवून केलंत ना?"

"तूसुद्धा?"

"मी कोणाला सांगणार नाही."

बाबांनी माझ्याकडे मदतीसाठी बघितलं. मीही खुर्ची पुढे ओढली. मला काय वाटतं ते मलाच ठरवता येत नव्हतं. खिडकीपाशी बाबांचा चेहरा मी बघितला होता, तो हिशोब करणाऱ्याचा नव्हता. पण ओठ हलत होते हेही खरं.

"बाबा, स्पष्ट सांगा. हो की नाही?"

त्यांनी दोन घोट घेतले, पेला खाली ठेवला. "नाही. नाही सुचलं. मला वाटलं, जायचंच आहे तर निदान ती मुलं आत येऊ देत. एवढंच." मग खांद्यावरच्या टॉवेलशी चाळा करत म्हणाले, "तू उद्या शाळेत काय सांगणार आहेस?"

"तुम्ही सगळं आधीपासून ठरवून केलंत म्हणून. तिघांना एका सहीत गुंडाळलंत म्हणून."

बाबांनी टॉवेल गळ्याभोवती नीट गुंडाळला आणि ताठ बसले.

"हं," ते म्हणाले. "तुला खोटं बोलायला मी सांगणार नाही." मग बसलेल्या आवाजात जेवढी ऐट आणता येते तेवढी आणून म्हणाले, "पण संघप्रमुखाला मी अडवू तरी कसा?"